जुनो आज सकाळी गुरूपाशी ब्रेक मारणार

नभोवाटसरू | ५ जुलै २०१६, सकाळी ७:०५

मंडळी, आज सकाळी ८ वाजून ४८ मिनिटांनी जुनो यानाचं मुख्य इंजिन पेटल्याचा संदेश पृथ्वीवर येईल. सगळं नीट झालं तर ९ वाजून २३ मिनिटांनी ते बंद झाल्याचा. मधली पस्तीस मिनिटं एकत्र बसून काढू, म्हणून हा धागा. नासाचं थेट प्रक्षेपण नेटवर आहे. कोल्हापुरात पाऊस थांबायचं नाव घेत नाही, त्यामुळं घराबाहेर पडायची घाई तशीही कुणाला नसेल.

बातम्यांत 'जुनो गुरूवर पोचणार' असं चाललंय. गुरूवर उतरायला जमीनच नाही, हायड्रोजन आणि हेलियमचा गोळा आहे तो. आणि तिथपर्यंत जाणं ही आता नवलाची गोष्ट राहिलेली नाही. १९७३ साली पायोनियर १० गेलं. मग पायोनियर ११, दोन्ही व्हॉयेजर, युलिसिस, शनीकडं जाता जाता कॅसिनी, प्लुटोकडं जाता जाता न्यू होरायझन्स. सगळी शेजारून पुढं निघून गेली. तिथं थांबलं ते एकटं गॅलिलिओ, डिसेंबर १९९५ मध्ये. आज जमलं तर जुनो दुसरं.

थांबणं अवघड आहे ते गुरूच्याच ओढीमुळं. यान जवळ येईल तसा त्याचा वेग वाढत जातो, शेवटी ताशी दोन लाख किलोमीटरच्या वर. तसंच सोडलं तर वळसा घालून पलीकडं निघून जाणार आणि पुन्हा सूर्याभोवती फिरत बसणार. म्हणून इंजिन प्रवासाच्या उलट दिशेला पेटवायचं आणि वेग सेकंदाला ५४२ मीटरनं उतरवायचा. एकूण वेगाच्या मानानं हे जेमतेम एक टक्का भरतं. पण ग्रहाच्या अगदी जवळ, वेग सगळ्यात जास्त असताना लावलेला ब्रेक सगळ्यात जास्त लागतो, म्हणून तेवढा पुरतो. सुमारे २० मिनिटं इंजिन चाललं तरी यान गुरूच्या तावडीत सापडतं, म्हणतात. पूर्ण पस्तीस मिनिटं चाललं तर ५३ दिवसांची लांबट कक्षा मिळते.

आता गंमत बघा. तिथून इथं रेडिओ संदेश यायला ४८ मिनिटं लागतात. म्हणजे इंजिन पेटल्याचं आपल्याला कळेल तेव्हा तिथं ते बंद होऊनही गेलेलं असेल. पॅसाडेनाच्या नियंत्रण कक्षात बसलेली नासाची माणसं आज काहीही करू शकत नाहीत. ३० जूनला सगळ्या आज्ञा यानाला देऊन झाल्या, तेव्हापासून ते स्वतःच्या हिमतीवर आहे. कॅमेऱ्यासकट सगळी उपकरणंही बंद केलीत, मध्ये लुडबुड नको म्हणून.

ऊसवाला | ७:२१

वाचतोय सर. धारा काढून झाल्यात, मोबाईल हातात हाय. लाईट गेली तरी चालंल, रेंज जाऊ नये म्हणजे झालं.

पुणेरी_पाहुणा | ७:३०

चांगला धागा. एक शंका. गुरूपाशी सूर्यप्रकाश इतका कमी की आजवरची सगळी याने अणुबॅटरीवर गेली. जुनोची अणुबॅटरी किती वॅटची आहे?

नभोवाटसरू | ७:३८

जुनोत अणुबॅटरी नाही, तेच तर त्याचं वेगळेपण. तीन लांबलचक सौर पंखे आहेत, प्रत्येकी सुमारे ९ मीटरचे, त्यावर मिळून १८,६९८ सौरघट. पृथ्वीपाशी हेच पंखे १४ किलोवॅट देतात. गुरूपाशी ऊन पंचविसावा हिस्सा, तिथं मिळतात ५०० वॅट. त्यात उपकरणं, हीटर, रेडिओ सगळं भागवायचं. आज इंजिनाची दिशा साधण्यासाठी यानाला सूर्याकडं पाठ करावी लागतेय, म्हणजे तेवढा वेळ साध्या लिथियम-आयन बॅटरीवर. इंजिन बंद झाल्यावर ते परत सूर्याकडं वळलं का, हे बघणंही तितकंच महत्त्वाचं. माझ्या मते इंजिनापेक्षा जास्त धाकधूक त्याचीच धरावी.

उद्यमनगरवाला | ७:५२

भावा, इंजिनाचं जरा इस्कटून सांग की. कुनी बनवलंय? पंप कसला हाय?

नभोवाटसरू | ८:०४

ब्रिटिश बनावटीचं आहे, नाव लेरॉस १बी, जोर ६४५ न्यूटन. म्हणजे ६५-६६ किलो वजन जेमतेम तोलून धरेल एवढाच. मंगळयानाचं इंजिन ४४० न्यूटनचं होतं. पण अवकाशात अडवायला हवा नसते, थोडा जोर बराच वेळ लावला की काम होतं.

पंप नाहीच. हायड्राझिन आणि नायट्रोजन टेट्रॉक्साइड एकमेकांना भेटले की आपोआप पेट घेतात, ठिणगीही लागत नाही. टाक्यांत हेलियमचा दाब सोडायचा, तो दाब इंधनाला इंजिनाकडं ढकलतो. मध्ये व्हॉल्व्ह. हे इंजिन शेवटचं सप्टेंबर २०१२ मध्ये चाललं होतं, त्याला आता चार वर्षं होत आली. २० जूनला त्याच्यावरचं झाकण उघडलं.

उद्यमनगरवाला | ८:१०

चार वर्सं बंद आसल्यालं मशीन डायरेक्ट फुल लोडवर? आमच्याकडं दिवाळीच्या सुट्टीनंतर लेथ चालू करताना बी आदी जरा मोकळं फिरवून घेत्यात. पंप न्हाई हे बरं केलं, फिरनारा पार्ट कमी. पर मग समदा भार व्हॉल्व्हवर आला बग.

शाहूपुरीचे_काका | ८:१६

उद्यमनगरवाले, अगदी नेमकं बोललात. दोन घटना सांगतो, दोन्ही व्हॉल्व्हच्याच. १९९३ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेचं मार्स ऑब्झर्व्हर मंगळापाशी पोचायच्या तीन दिवस आधी गप्प झालं ते कायमचं. टाक्यांत दाब सोडायची वेळ होती. चौकशीत निघालेलं सर्वांत संभाव्य कारण असं की व्हॉल्व्हमधून थोडं थोडं रसायन झिरपून नळीत एकत्र आलं. दुसरं जपानचं आकात्सुकी. ७ डिसेंबर २०१० ला शुक्रापाशी इंजिन पेटलं आणि मध्येच बंद पडलं. हेलियमच्या वाटेवरच्या व्हॉल्व्हमध्ये क्षार साचला होता. यान पाच वर्षं सूर्याभोवती फिरत राहिलं. मग बरोबर ७ डिसेंबर २०१५ ला छोट्या थ्रस्टरवर त्यांनी ते शुक्राच्या कक्षेत घातलंच. जपान्यांची चिकाटी!

आपल्या मंगळयानाच्या वेळी इस्रोनं हाच धोका ओळखून वेगळी वाट ठेवली होती आणि दोन दिवस आधी, २२ सप्टेंबर २०१४ ला, चार सेकंदांसाठी इंजिन पेटवून बघितलं होतं. इंजिन तीनशे दिवस निजलेलं.

ऊसवाला | ८:२४

आता कळलं. ह्यो म्हंजे आमचा एनआरव्ही. नदीकाठच्या मोटरीला लाईनवर बसवतोय बगा, लाईट गेली की पाईपातलं पानी मागं येऊ ने म्हनून. गाळ आडकला की चिकटतो, मग मोटर नुस्ती हुंकारती. आमी निदान पावसात भिजत जाऊन हातोडीनं दोन ठोके तरी देतोय.

नभोवाटसरू | ८:२९

नेमका तोच. तिथं मागं यायला नको ती इंधनाची वाफ. ऊसवाले, ठोके द्यायला आज कुणी नाही.

शिरोळची_सून | ८:३५

शाळा दहाला आहे, तोवर मीही. घरात सासूबाईंना सांगितलं की आज गुरूपाशी यान पोचतंय. त्यांचा पहिला प्रश्न, "मग कन्यागताला काही बाधा नाही ना?" हसू नका कुणी. इथं वर्षभर तीच तयारी चाललीय. ऑगस्टमध्ये गुरू सिंहेतून कन्येत जाईल आणि नृसिंहवाडीला कन्यागत महापर्वकाळ सुरू होईल. मागचा २००४ साली झाला. कृष्णेत गंगा येते ही श्रद्धा. घाटावर गर्दी किती होईल विचारू नका.

पुणेरी_पाहुणा | ८:३९

धागा विज्ञानाचा आहे. राशिभविष्य वेगळ्या विभागात घ्यावे ही नम्र सूचना.

शाहूपुरीचे_काका | ८:४३

पाहुणे, भविष्य कोण सांगतंय? गुरू आज संध्याकाळी सिंहेत आहे आणि पुढच्या महिन्यात कन्येत जाईल, हे दुर्बिणीवाल्यालाही मान्य आहे. सूर्याभोवती एक फेरी ११.८६ वर्षांची. म्हणून सिंहस्थ बारा वर्षांनी आणि त्याच्या पाठोपाठ कन्यागत. सात फेऱ्यांना ८४ नव्हे, ८३ वर्षं लागतात, त्यामुळं कधीतरी एकदा हे अंतर अकराच वर्षांचं भरतं. शेकडो वर्षं नुसत्या डोळ्यांनी ठेवलेला हिशोब आहे हा. आजच्या यानालाही गुरू कुठं असेल ते गणित आधी मांडूनच निघावं लागलं. ५ ऑगस्ट २०११ ला निघालं, २०१३ च्या ऑक्टोबरमध्ये परत पृथ्वीपाशी येऊन वेग घेऊन गेलं, तेव्हा कुठं आज भेट.

शिरोळचीताई, सासूबाईंना सांगा, बाधा नाही. ३,६२५ किलोचं यान गुरूला काय ढिम्म हलवणार! सूर्य सोडला तर बाकी सगळे ग्रह एकत्र केले तरी गुरू त्यांच्या अडीचपट भरतो.

नभोवाटसरू | ८:५०

पेटलं! सूर आला.

आत्ता यानाची मोठी तबकडी पृथ्वीकडं नाही, त्यामुळं आकडे, माहिती काही येत नाही. नुसते रेडिओचे सूर येतात. सूर बदलला की अमुक टप्पा झाला, एवढंच. गोल्डस्टोन आणि कॅनबेराच्या अँटेना कान लावून बसल्यात.

उद्यमनगरवाला | ८:५२

म्हंजे मिसकॉलवर चाललंय समदं

ऊसवाला | ८:५३

माझं बफरिंग. काय झालं तेवढं लिवत र्‍हावा.

नभोवाटसरू | ९:०१

चालू आहे. यान स्वतःभोवती मिनिटाला पाच फेऱ्या मारतंय. एरवी दोनच मारतं, इंजिन चालू असताना डुगडुगू नये म्हणून वाढवल्यात. वेग अपेक्षेप्रमाणं उतरतोय, सुराची पट्टी सरकते त्यावरून कळतं.

नभोवाटसरू | ९:१०

वीस मिनिटं झाली. आता बंद पडलं तरी ते बहुधा गुरूचंच.

शिरोळची_सून | ९:१२

सासूबाई शेजारी येऊन बसल्यात. विचारतायत, गुरू कुठं दिसतोय यात? त्यांना खोलीत बसलेली माणसं तेवढी दिसतायत. रास्त तक्रार आहे.

नभोवाटसरू | ९:२४

बंद झालं! ठरल्या वेळेला! सगळे उठून टाळ्या वाजवतायत. जुनो गुरूच्या कक्षेत आहे.

ऊसवाला | ९:२५

नाद खुळा!!

उद्यमनगरवाला | ९:२५

जगात भारी. तेवढा व्हॉल्व्ह कुनी बनवला त्येचं नाव काडा कुनीतरी.

शाहूपुरीचे_काका | ९:३१

१९९५ ला गॅलिलिओ पोचलं तेव्हा आम्हाला दुसऱ्या दिवशीच्या पेपरात चार ओळी मिळाल्या होत्या. आज रंकाळ्याच्या बाजूला खिडकीत बसून सूर ऐकला. बरं वाटलं.

नभोवाटसरू | ९:५५

सूर्याकडं तोंड वळवलंय, पंख्यांवर ऊन पडतंय. आता निश्चिंत. पस्तीस मिनिटांच्या कामात ठरल्यापेक्षा फरक पडला तो एका सेकंदाचा, असं पत्रकार परिषदेत सांगितलं.

उपकरणं दोन-तीन दिवसांत चालू करतील. खरं काम २७ ऑगस्टपासून, तेव्हा यान पहिल्यांदा उपकरणं उघडी ठेवून गुरूच्या ढगांजवळून जाईल, सुमारे ४,२०० किलोमीटरवरून. १९ ऑक्टोबरला इंजिन आणखी एकदा पेटवून ५३ दिवसांची कक्षा १४ दिवसांवर आणायचा बेत आहे.

ढग फाटले तर आज सूर्यास्तानंतर पश्चिमेला बघा, ठळक पिवळसर ठिपका तोच गुरू. शनिवारी ९ तारखेला चंद्रकोर त्याच्या शेजारी असेल. ढग फाटण्याची जबाबदारी माझी नाही.

चौकटराजा_कागल | ५ जुलै २०१६, दुपारी १:४०

सगळा धागा वाचला. छान. पण एक अब्ज डॉलरच्या वर खर्च करून गुरूभोवती घिरट्या घालायच्या कशाला? आपलं काय अडलंय तिथं? उगीच विरोध नाही, खरंच विचारतोय.

नभोवाटसरू | ५ जुलै २०१६, रात्री ९:१५

कॉलेजातही हाच प्रश्न आला. सूर्यमालेत गुरू बहुधा सगळ्यांत आधी तयार झाला, आणि सूर्यानं उरवलेल्या मालातला बराचसा त्यानं उचलला. मग बाकीच्यांचं काय झालं, पृथ्वीवर पाणी कुठून आलं, याची वही त्याच्याकडं आहे. त्यात पाणी किती आहे हेच अजून ठरलेलं नाही. गॅलिलिओनं १९९५ ला एक कुपी ढगांत सोडली होती, पण ती नेमकी कोरड्या जागी पडली. जुनोत सूक्ष्मलहरी मोजणारं उपकरण आहे, ते वरून ढगांच्या खाली शेकडो किलोमीटर बघतं. मध्ये घट्ट गाभा आहे का, हे कळायला वेगळं उपकरणही लागत नाही. यान जवळून जाताना गुरूची ओढ जागोजागी किंचित कमीजास्त होते, त्यानं यानाच्या रेडिओची पट्टी किंचित सरकते. सकाळी जसं ऐकलं, तसंच.

तिथला किरणोत्सार इतका भयंकर की यानाची बहुतेक इलेक्ट्रॉनिक्स टायटॅनियमच्या पेटीत ठेवलीय, भिंती एक सेंटीमीटर जाड.

उद्यमनगरवाला | ५ जुलै २०१६, रात्री १०:०२

एक सेंटी टायटॅनियम! मशिनिंग करताना टूल किती खाल्ली आसतील. अवांतर: आत म्हनं तीन आल्युमिनियमच्या बाहुल्या बी पाठवल्यात, लेगोच्या. शास्त्रज्ञ गॅलिलिओ, रोमन देव ज्युपिटर आनि त्येची बायको जुनो. एवढं ग्राम ग्राम मोजून पाठवत्यात आनि वर बाहुल्या. ही मानसं मला आवडली.

उद्यमनगरवाला | १५ ऑक्टोबर २०१६, रात्री ८:२०

धागा वर काढतोय. बगा म्या काय म्हनत हुतो. व्हॉल्व्ह!

नभोवाटसरू | १५ ऑक्टोबर २०१६, रात्री ९:०५

हो. १९ तारखेला इंजिन पेटवण्याआधीची तयारी म्हणून हेलियमची वाट उघडायची आज्ञा दिली. दोन चेक व्हॉल्व्ह, म्हणजे ऊसवाल्यांचा एनआरव्हीच, काही सेकंदांत उघडायला हवे होते, त्यांना कित्येक मिनिटं लागली. म्हणून इंजिन पेटवणं पुढं ढकललंय. जवळून जाण्याची फेरी ठरल्याप्रमाणं होईल, उपकरणं चालू ठेवून.

ऊसवाला | १५ ऑक्टोबर २०१६, रात्री ९:३०

उगडला तर खरं. मग लावा की इंजिन. आमचा बी उशिरा उगडतो, पर पानी येतंय.

शाहूपुरीचे_काका | १६ ऑक्टोबर २०१६, सकाळी ७:४५

ऊसवाले, तुमच्याकडं फार तर मोटर जळेल. तिथं एका बाजूचा दाब आधी आणि दुसऱ्या बाजूचा नंतर आला तर इंजिनाचा जोर बिघडणार, यान भलत्याच कक्षेत. आकात्सुकी आठवा. जुलैत पर्याय नव्हता, पेटवावंच लागलं. आता यान आधीच कक्षेत आहे, तेव्हा न पेटवणं हाही पर्याय आहे.

नभोवाटसरू | १९ फेब्रुवारी २०१७, सकाळी ११:१०

काकांनी म्हटलं तसंच झालं. नासानं जाहीर केलं, इंजिन आता पेटवायचं नाही. जुनो ५३ दिवसांच्या कक्षेतच राहणार.

पुणेरी_पाहुणा | १९ फेब्रुवारी २०१७, दुपारी १२:००

म्हणजे मोहीम एक चतुर्थांश वेगाने चालणार. याला यश म्हणायचे का? तिकडे कॅसिनीने शनीपाशी साडेबारा वर्षे काढली, तिची कक्षा शेकडो वेळा बदलली.

नभोवाटसरू | १९ फेब्रुवारी २०१७, दुपारी ३:२५

कॅसिनीशी तुलना मला तितकीशी पटत नाही. तिच्याकडं टायटन होता, इतका वजनदार की दर वेळी त्याच्या जवळून जाऊन दिशा फुकटात बदलता यायची. जुनो ध्रुवांवरून उभं फिरतंय, चंद्र आडव्या पातळीत, त्यामुळं त्याला ती सोय नाही.

यशाचं म्हणाल तर, माहिती जमते ती जवळून जातानाच्या काही तासांत. त्या वेळचं ढगांपासूनचं अंतर ५३ दिवसांच्या कक्षेत आणि १४ दिवसांच्या कक्षेत जवळपास तेच आहे. म्हणजे प्रत्येक फेरीचं माप पूर्ण मिळतं, फक्त पुढच्या फेरीची वाट बघायची. शिवाय लांब कक्षेत यान किरणोत्साराच्या पट्ट्याबाहेर जास्त वेळ राहतं. पैसे मात्र वर्षानुवर्षं लागणार, हे तुमचं खरं.

उद्यमनगरवाला | १९ फेब्रुवारी २०१७, रात्री ८:४०

एक सांगतो. शॉपमधी नवीन पोरगं आसलं की मशीन आवाज करत आसलं तरी रेटतंय, ऑर्डर द्यायची आसती म्हनून. हात बसल्याला मानूस मशीन बंद करतो. बंद करायला जास्त अक्कल लागती. एक अब्ज डॉलरच्या यानावर 'न्हाई लावत इंजिन' म्हनून सही करनारा कोन आसंल त्येला आपला सलाम.

शिरोळची_सून | ११ मार्च २०१८, संध्याकाळी ६:१५

मुलींना वर्गात जुनोचे फोटो दाखवले. गुरूच्या उत्तर ध्रुवाभोवती आठ वादळं कडं करून, मध्ये नववं. दक्षिणेला पाच आणि मध्ये एक. मुली म्हणाल्या फुगडी घालतायत. या आठवड्यात हेही वाचलं की वरून दिसणारे पट्टे सुमारे ३,००० किलोमीटर खोलवर जातात. आणि गाभा म्हणे घट्ट गोळा नाहीच, विरघळल्यासारखा पसरलेला. सर, बरोबर ना?

नभोवाटसरू | ११ मार्च २०१८, रात्री ९:३०

बरोबर. गाभ्याचं तर कुणीच धरलं नव्हतं. एक पक्ष म्हणायचा छोटा घट्ट गाभा आहे, दुसरा म्हणायचा नाहीच. निघालं तिसरंच.

नभोवाटसरू | ४ फेब्रुवारी २०२४, रात्री १०:२०

सहा वर्षांनी धागा वर काढतोय, कारण तसंच आहे. काल जुनो आयोच्या दीड हजार किलोमीटर जवळून गेलं, ३० डिसेंबरलाही गेलं होतं. आयो म्हणजे सूर्यमालेतला सगळ्यांत धगधगता चंद्र, शेकडो ज्वालामुखी.

पण मी आलोय ते कक्षेचं सांगायला. ७ जून २०२१ ला यान गॅनिमीडजवळून गेलं, कक्षा ५३ दिवसांवरून ४३ वर आली. २९ सप्टेंबर २०२२ ला युरोपाजवळून, ३८ वर. आता आयोच्या दोन भेटींनंतर ३३. मोठं इंजिन एकदाही न पेटवता, चंद्रांच्या ओढीनं. गुरू ध्रुवांपाशी चपटा आहे, त्याच्या फुगलेल्या पोटाच्या ओढीनं यानाची उभी कक्षा हळूहळू कलत गेली आणि ते चंद्रांच्या पातळीला जवळून छेदायला लागलं. २०१७ ला मी इथं लिहिलं होतं की जुनोला ती सोय नाही. वाट बघितली तर झाली.

पुणेरी_पाहुणा | ५ फेब्रुवारी २०२४, सकाळी ९:००

वाचले. समाधान झाले. (हे मी सहसा लिहीत नाही.)

ऊसवाला | ५ फेब्रुवारी २०२४, सकाळी ९:१२

पाहुनं, या एकदा कोल्हापूरला. तांबडा-पांढरा आमच्याकडनं.

उद्यमनगरवाला | २३ जुलै २०२५, रात्री ९:४८

अॅनिलिंग! जुनोच्या कॅमेऱ्याचं अॅनिलिंग केलंय म्हनं. नभोवाटसरू सर, हे खरं हाय का? आमच्याकडं अॅनिलिंग म्हंजे कास्टिंग भट्टीत आठ-नऊशे डिग्रीला घालायचं आनि सावकाश गार करायचं. कॅमेरा वितळायचा की.

नभोवाटसरू | २३ जुलै २०२५, रात्री १०:३०

खरं आहे, फक्त तापमान ऐकून हसाल. २५ अंश सेल्सिअस.

झालं असं. कॅमेरा टायटॅनियमच्या पेटीबाहेर आहे, किरणोत्सार सोसत होता. सत्तेचाळिसाव्या फेरीपासून चित्रं खराब व्हायला लागली. लांबून निदान करायचं, त्यामुळं अंदाजच, पण संशय होता वीजदाब सांभाळणाऱ्या भागावर. म्हणून त्याचा हीटर लावून नेहमीपेक्षा बराच गरम केला. सिलिकॉनच्या जाळीत पडलेले दोष उष्णतेनं थोडे भरून येतात ही आशा. चित्रं सुधारली, काही काळानं परत बिघडली, पंचावन्नाव्या फेरीत नुसत्या रेघोट्या. आयोची पहिली भेट तोंडावर. तेव्हा हीटर पूर्ण जोरात लावला. काही दिवस काहीच फरक नाही, आणि भेटीच्या अगदी जवळ चित्रं एकदम स्वच्छ. ३० डिसेंबर २०२३ चे आयोच्या उत्तर ध्रुवाचे फोटो त्यामुळंच मिळाले. पुढं चौऱ्याहत्तराव्या फेरीत परत बिघाड दिसलाच.

उद्यमनगरवाला | २३ जुलै २०२५, रात्री १०:४१

पंचवीस! ते तर आमच्या शॉपमधी जानेवारीत आसतंय. पर तत्त्व तेच म्हना, आतला ताण काडायचा.

शिरोळची_सून | २४ जुलै २०२५, सकाळी ७:३०

आता पुढचं यान कधी? मुली विचारतात. युरोपा क्लिपर सुटलंय ना?

नभोवाटसरू | २४ जुलै २०२५, सकाळी ८:०५

१४ ऑक्टोबर २०२४ ला सुटलं. एप्रिल २०३० मध्ये गुरूपाशी पोचेल, युरोपाजवळून ४९ वेळा जायचा बेत आहे. युरोपीय अवकाश संस्थेचं ज्यूस यान त्याच्या आधी, एप्रिल २०२३ ला सुटलंय, पण पोचेल जुलै २०३१ मध्ये. नंतर ते गॅनिमीडच्याच कक्षेत जाणार.

उद्यमनगरवाले, तुमच्यासाठी खास: क्लिपरला एक मोठं इंजिन नाहीच. चोवीस छोटी इंजिनं आहेत. गुरूपाशी ब्रेक पस्तीस मिनिटांचा नाही, सहा ते आठ तासांचा असेल.

उद्यमनगरवाला | २४ जुलै २०२५, सकाळी ८:११

चोवीस इंजिनं? मग व्हॉल्व्ह किती झालं वो?